राजाचा अंगरखा

अब्बांचं शिलाई मशीन थांबलं की मी कान टवकारायचे. आमचं घर म्हणजे दौंडच्या बाजारपेठेतलं शिलाईचं दुकान आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या. मधे दार नव्हतं, नुसता एक जाड पडदा. मशीन चालू असलं की मी आणि माझी मोठी बहीण, जिला मी आपा म्हणायचे, आत काय वाटेल ते बोलायचो. टीप संपून चाक थांबलं की दोघी गप्प.

अब्बांनी आम्हांला कधी बोटही लावलं नाही. पण ते बोलायचेच इतकं कमी, की त्यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधण्यात माझं सगळं लहानपण गेलं. अम्मा मी पाळण्यात असतानाच गेली होती. मला आपानंच वाढवलं. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली ती त्यासाठीच. माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, सगळं तिच्याकडे. घरात आमची मिसळ बोली चालायची, अर्धी दख्खनी आणि अर्धी गावची मराठी. दौंडात आमच्या किती पिढ्या झाल्या ते कुणाला सांगता आलं नसतं.

मी आठवी संपवली त्या सुमाराला सरकारनं काही हायस्कुलं बहुउद्देशीय केली. कुठं शेतकी शाखा निघाली, कुठं कारखान्याच्या कामाची. आमचं रेल्वेचं गाव. लोकांना वाटलं होतं, यंत्रांचं काहीतरी शिकवतील, पोरं लोको शेडमध्ये चिकटतील. आमच्या वाट्याला आली ललित कला. एका उन्हाळ्यात शाळेच्या मागच्या बाजूला दोन नवे वर्ग उभे राहिले, आणि बैलगाडीतून तंबोरे, तबले, हार्मोनियम, चित्रं काढायचे लाकडी स्टँड असं सामान आलं. चहाच्या दुकानांत हसू झालं. ‘सरकारनं तमाशाची शाळा काढली’ असं म्हणायचे. त्या शाखेत मुली अगदी थोड्या होत्या. माळ्यांच्या, मराठ्यांच्या, बामणांच्या, आमच्या, सगळ्याच घरांत नाटक हा शब्द पोरींसमोर काढत नसत.

मला तिथं घातलं ते अब्बांनीच, चित्रकलेसाठी. कशिद्याचे नमुने काढायला शिकले तर दुकानाला उपयोग होईल, असा त्यांचा हिशेब. नाव घालायच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ते एवढंच म्हणाले, “फुलं काढ, पानं काढ. बाकीच्या भानगडीत पडायचं न्हाई.”

मी मान हलवली. पण शाखेचा नियम होता, की मुख्य विषय कोणताही घ्या, दुसऱ्या एका कलेत भाग घ्यावाच लागे. मी गायन घेतलं होतं, आणि मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायचे.

एके दिवशी चित्रकलेच्या वर्गात कागदांच्या गठ्ठ्याखालून विंचू निघाला. चांगला बोटाएवढा, काळा. मुली अनवाणी बसलेल्या. एकीच्या पावलाजवळून तो चालला होता आणि ती उठायच्या बेतात होती. मी ओरडले, “कुणी हलू नका.” माझ्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. अख्खा वर्ग जागच्या जागी थिजला. शिपायानं येऊन पायताणानं विंचू मारला, आणि तेवढ्यात शेजारच्या वर्गातून नाट्याच्या बाई दारात आल्या.

“आवाज कुणाचा होता?” त्यांनी विचारलं.

मुलींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता शिक्षा.

बाई पुण्याहून आलेल्या, बिऱ्हाडी एकट्या राहणाऱ्या, उन्हातान्हात काळी छत्री घेऊन चालणाऱ्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “माझा राजा सापडला.”

त्यांनी मुलींसाठी एक नाटक लिहिलं होतं. दुष्काळात एक राजा राजवाड्याचं तळं कुलूपबंद ठेवतो आणि शेवटी सगळं गमावून त्याची दारं उघडायला लावतो, अशी गोष्ट. मुली आणि मुलं एका नाटकात काम करतील हे तेव्हा शक्यच नव्हतं, म्हणून राजापासून दासीपर्यंत सगळ्या मुलीच.

“बाई, घरी चालणार नाही,” मी म्हणाले.

“विचारलंस का?”

“नाही.”

“मग विचार आधी.”

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर अब्बा नाही म्हणाले असते, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं. दोन दिवसांनी बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मी खाली बघून नुसती हुंकारले. त्यांना तो होकार वाटला. तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

बाईंची तक्रार एकच होती. “राजा असा दबकून हुकूम देत नाही. शेवटच्या ओळीला मागच्या भिंतीपर्यंत पोचलं पाहिजे.” पण मोठ्यानं बोलायला जागा कुठली? घरी पडदा, आणि शाळेच्या भिंतीपलीकडे बाजाराचा रस्ता. माझी एक मैत्रीण होती, इंजिन ड्रायव्हरची मुलगी, रेल्वेच्या चाळीत राहायची. नाटकात ती प्रधान होती. तिच्या घरी कुणाला कसली भीतीच नव्हती. तिचे वडील रात्रपाळी करून आले तरी तिचे संवाद ऐकायला बसायचे. तिनंच युक्ती काढली. शाळा सुटली की आम्ही यार्डाच्या कडेच्या बाभळींखाली जायचो आणि मालगाडी येईपर्यंत थांबायचो. डब्यांचा खडखडाट सुरू झाला की ती मला कोपरानं ढोसायची आणि मी जीव खाऊन ओरडायचे, “तळ्याची दारं उघडा.” शेवटचा डबा जायच्या आत गप्प व्हावं लागे. एकदा मी चुकले. गाडी गेली आणि माझे शेवटचे दोन शब्द उघड्यावर पडले. रुळांवर काम करणाऱ्या गँगमधल्या एका माणसानं मान वळवून पाहिलं. तो आमच्याकडे सदरे शिवायला टाकायचा. त्यानंतर कित्येक दिवस तो दुकानात आला की मी मोरीत जाऊन बसायचे.

मग एके सकाळी बाई वर्गात म्हणाल्या, “कपड्यांचं काम बाजारपेठेतल्या टेलरना दिलंय. जुन्या पद्धतीचा अंगरखा गावात त्यांनाच येतो म्हणे. उद्या मापं घ्यायला येतील.”

बाजारपेठेत जुन्या पद्धतीचा अंगरखा बेतणारं दुकान एकच होतं.

मधल्या सुट्टीत मी बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. बाईंनी हातातली छत्री भिंतीला टेकवून ठेवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“मी खोटं बोलणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण कुणी विचारल्याशिवाय सांगणारही नाही. तू मात्र लवकर सांग. असल्या गोष्टी उशिरा कळल्या की जास्त लागतात.”

दुसऱ्या दिवशी राजाचं माप माझ्या मैत्रिणीनं दिलं. अंगानं ती माझ्यासारखीच, फक्त जरा उंच. अब्बा नाट्याच्या वर्गापुढच्या व्हरांड्यात उभे राहून एकेकीचं माप घेत होते आणि मी चित्रकलेच्या वर्गात दाराआड, पाठ भिंतीला लावून. मला दिसत काही नव्हतं. त्यांचा आवाज तेवढा येत होता, लहान गिऱ्हाइकांशी बोलतात तसा मऊ.

“बाळ, हात खाली. असा. श्वास धरू नगं.”

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “बाई, आमची धाकटी इथंच हाय न्हवं?”

“आहे ना,” बाई म्हणाल्या. “चित्रकलेच्या वर्गात.”

“अभ्यास करती का?”

“हात चांगला आहे तिचा.”

अब्बा “बरं” म्हणाले. त्यांच्या चपला व्हरांड्यातून माझ्या दाराच्या दिशेनं आल्या. दारापाशी थांबल्या. मी डोळे मिटून घेतले, जणू मी पाहिलं नाही तर त्यांनाही दिसणार नाही. मग चपला वळल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

राजाच्या अंगरख्याला रेल्वेच्या क्लबातला एक जुना मखमली पडदा मिळाला होता, जांभळा, कडेला विरलेला. अब्बांनी तो विरलेला भाग चुकवून बेतला. मशीनची शिलाई झाली की हातशिलाईचं काम आमच्याकडे यायचं, आपाकडे आणि माझ्याकडे. त्याही वेळी अंगरखा पडद्याच्या आत आला आणि अब्बांनी तो माझ्याच मांडीवर टाकला. “काठाला जरीचा गोट लाव. टाका बारीक घाल.”

मी माझ्याच अंगरख्याला गोट लावत बसले. सुई सारखी बोटात शिरत होती. आपा म्हणाली, “आज काय झालंय तुझ्या हाताला?” मी म्हटलं, मखमल निसटते.

गोट संपला तेव्हा अब्बा आत आले. “उभी राहा जरा. घेर कसा पडतो बघू.” त्यात नवीन काही नव्हतं. गिऱ्हाइकाचा कपडा झाला की ते तो आपाच्या नाहीतर माझ्या अंगाला लावून बघायचेच. मी उभी राहिले. त्यांनी अंगरखा माझ्या खांद्यांना लावला, दोन पावलं मागं सरकले, डोळे बारीक केले. बाही माझ्या बोटांपर्यंत आली होती.

“ज्या पोरीला घालायचाय ती तुझ्यापरीस जरा उंच हाय,” ते म्हणाले. “तिला बराबर बसंल.”

मी “जी” म्हटलं. सांगायची वेळ हीच होती. त्यांचा चेहरा त्या दिवशी कामावर खूश असलेल्या माणसाचा होता. मी बोटांवर आलेली बाही मागं सारली, एवढंच. अब्बा अंगरखा घडी करून घेऊन गेले.

त्याच आठवड्यात आपाला बघायला शिरूरचे पाहुणे आले. शिरूरला आमच्याकडे घोडनदीच म्हणायचे. त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं, घर चांगलं होतं, आणि मुलगा शांत होता. आपाला तो आवडला हे ती चहाचा ट्रे घेऊन आत आली तेव्हा तिच्या तांबूस झालेल्या कानांच्या पाळ्यांवरूनच मला कळलं. सगळं ठरत आलं होतं. मुलाचा बाप, पांढऱ्या दाढीचा, बोलण्यात थेट असलेला माणूस, सुपारी कातरता कातरता म्हणाला, “तुमची धाकटी त्या कलेच्या शाळंत जाती म्हणं. तिथं पोरींना नाचवत्यात आसं ऐकलं.”

आम्ही दोघी पडद्यामागं उभ्या होतो. आपानं माझं मनगट धरलं.

“न्हाई,” अब्बा म्हणाले. “आमची पोरगी चित्रं काढती. फुलं, पानं. कशिद्याची.”

“तेवढंच ना?”

“तेवढंच. माझा शब्द हाय.”

म्हातारा हसला आणि म्हणाला, मग काही हरकत नाही. निकाहची बोलणी पुढं चालू झाली. आतापर्यंत माझं खोटं माझ्यापुरतं होतं. आता अब्बांनी त्यावर आपला शब्द ठेवला होता, आणि त्या शब्दावर आपाचं लग्न.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले आणि म्हणाले, “मी राजा होणार नाही.”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. “दुसरी तयार करायला दिवस उरलेत कुठे?” त्या म्हणाल्या. “पुण्याहून साहेब बघायला येणार आहेत. मुलींनी काम केलं नाही तर ते लिहितील की इथल्या मुलींना ही शाखा नको आहे. मग ही बंद होईल. तंबोरे परत जातील आणि मीही.” त्यांचा आवाज खाली आला. “पण तू नाही म्हणालीस तर मी तुला धरून ठेवणार नाही.”

त्यांनी धरून ठेवलं असतं तर मी सुटून पळाले असते. त्या तशा म्हणाल्या म्हणून मला जाता आलं नाही.

शेवटी मी आपाला सांगितलं. आम्ही नदीवर धुणं धुवायला गेलो होतो. भीमेचं पाणी आटून वाळवंटाच्या कडेला सरकलं होतं आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. मी बोलत गेले आणि ती एकच चादर पुन्हा पुन्हा पिळत राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं.

“किती मोठं काम आहे?” तिनं विचारलं.

“राजाचं आहे.”

“म्हणजे शेवटपर्यंत असतेस?”

“शेवटपर्यंत.”

तिनं चादर बाजूला टाकली. मग म्हणाली, “मिशी लावतील ना?”

“लावतील.”

“मोठी लावायला सांग. आणि घरी येण्याआधी तोंड नीट धू. आता मला यातलं काही सांगू नकोस. मला झोप लागणार नाही.” तिनं मला थांबवलं नाही. का थांबवलं नाही, हे मी तिला पुढं कधीच विचारू शकले नाही.

नाटक दुपारी होतं. मुलींचं नाटक म्हणून बघायला फक्त बायका आणि लहान मुलं; पुरुषांत ते पुण्याचे साहेब आणि शाळेचे मास्तर तेवढे, एका कडेला खुर्च्यांवर. मला वाटलं होतं, बायकाच आहेत तर निभेल. मग पडद्याच्या फटीतून पाहिलं. दुसऱ्या रांगेत घोडनदीच्या पाहुण्यांची बायको बसली होती, आपाची होणारी सासू, जिनं आपाला बघायला आली तेव्हा मलाही पाहिलं होतं. तिची बहीण दौंडातच राहायची. तिच्याबरोबर आली असणार. पान चघळत, मांडीवर पानाचा डबा घेऊन.

मी मागं सरले ती प्रधानावरच आदळले. मैत्रिणीनं मला सावरायला अंगरख्याची बाही धरली, आणि टर्र असा आवाज झाला. खांद्याला बाही जोडलेल्या मुंढ्यापासून काखेपर्यंत शिवण उसवली. बाही आधीच लांब होती म्हणून बाईंनी टाचण्या लावून वर घेतली होती, त्याही सुटल्या. हात उचलला की आतलं पोलकं दिसत होतं.

बाई म्हणाल्या, “हलू नकोस, करते काहीतरी,” आणि बाहेर गेल्या. मी डोक्याला पागोटं, ओठावर गोंदानं चिकटवलेली काळ्या लोकरीची मिशी आणि तोंडाला सफेदा लावून कोपऱ्यात उभी राहिले. थोड्या वेळानं दार उघडलं. मला वाटलं बाईच. शिपाई अब्बांना घेऊन आला होता. बाईंनी नव्हे, मुख्य मास्तरांनी पाठवलं होतं त्याला. दुकान जवळच, टेलरला बोलवा म्हणून.

अब्बांच्या गळ्यात टेप होती, कॉलरला सुई. त्यांनी खोलीतल्या कुणाकडेच नीट पाहिलं नाही. इतक्या मुलींत यावं लागल्यानं ते अवघडले होते. शिपायानं माझ्याकडे हात केला. ते जवळ आले, चष्मा वर केला आणि मुंढ्याकडे पाहिलं.

“बाळ, हात खाली.”

मी हात खाली केला. त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. कपडा अंगावर असताना शिवणं अशुभ समजतात. तसं शिवायची वेळ आली तर ज्याच्या अंगावर शिवायचं त्यानं दातांत दोरा धरायचा, अशी आमच्या घरची रीत. अब्बांनी रिळातल्या दोऱ्याचा एक तुकडा तोडून पुढं केला. मी तोंड उघडून तो दातांत धरला. बोलावं लागलं नाही याचं बरं वाटलं. मग त्यांनी शिवायला घेतलं.

तेवढा वेळ मी समोरच्या भिंतीवरच्या पोपड्याकडे पाहत होते. सुई आत जायची, दोरा सर्रकन ओढला जायचा. मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. दुसऱ्या का तिसऱ्या टाक्याला मला जाणवलं, की त्यांचा हात कापतोय. अब्बांचा हात कापताना मी कधी पाहिला नव्हता. सुईचं टोक माझ्या खांद्याला लागलं, ते थांबले, पुन्हा सुरू केलं. मुंढा झाल्यावर त्यांनी बाही आत दुमडून माझ्या मनगटाला बरोबर बसेल अशी धावदोऱ्यानं घेतली. दोरा दातांनी तोडला.

“श्वास सोड,” ते अगदी हळू म्हणाले. “शिवण ताणतीया.”

मग ते गेले. मला काही कळेना. त्यांनी ओळखलं की नाही? ‘श्वास सोड’ तर ते कुणालाही म्हणत. पण हात?

नाटकातलं मला फार थोडं आठवतं. पहिलं वाक्य निघालं ते घोगरं. समोर बायकांच्या पदरांचा नुसता रंग दिसत होता. पुढं आवाज सुटला तो कसा हे मी सांगू शकत नाही. भीती इतकी झाली होती की ओरडण्यावाचून तिला वाटच उरली नव्हती. “तळ्याची दारं उघडा,” मी म्हणाले आणि मागच्या भिंतीशी बसलेली पोरं चिवचिवायची थांबली. त्याच वेळी दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईंनी डोळे बारीक केले, बहिणीच्या कानाशी झुकल्या आणि काहीतरी बोलल्या. तिथून पुढं शेवटपर्यंत मी राजा नव्हते. मी फक्त तो झुकलेला पदर बघत होते.

पुण्याचे साहेब खूश झाले, बाईंनी मला जवळ घेतलं, मैत्रिणीनं मिशी ओढून काढली. मी हौदावर तोंड खरखरून धुतलं आणि घरी गेले. अब्बा मशीनवर होते. त्यांनी मान वर केली नाही. जेवायला बसले तेव्हाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आपा मला नजरेनं विचारायची, मी नजरेनंच ठाऊक नाही म्हणायचे.

मग एका सकाळी अब्बांनी पेटीतला काळा कोट काढला. “घोडनदीला जाऊन येतो,” ते आपाला म्हणाले आणि एस.टी. स्टँडकडे निघून गेले.

दुकान बंद होतं. कामाच्या दिवशी ते त्याआधी कधी बंद असल्याचं मला आठवत नाही. आपानं चूल पेटवली, पण शिजवलं काहीच नाही. आम्हांला दोघींनाही एकच वाटत होतं. सासूनं ओळखलं, निरोप आला, अब्बांना बोलावून घेतलं, आता सोयरीक मोडणार. दुपारी एक गाडी आली, तिच्यातून ते उतरले नाहीत. आपा म्हणाली, “तिथंच थांबवलं असेल.” तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि ते मला सोसवत नव्हतं. मी म्हटलं, “मला मार तरी.” ती म्हणाली, “गप्प बस. मला भीती वाटतीय तेवढी पुरे आहे.”

दिवे लागायच्या वेळेला अब्बा आले. कोट काढून खुंटीला लावला, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “आधी पाणी दे.”

पाणी पिऊन झाल्यावर ते बोलायला लागले. एका दमात इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

“मी सांगून आलो,” ते म्हणाले. “म्हटलं, तुमाला जो शब्द दिला तो खोटा निघाला. माझ्या धाकट्या पोरीनं नाटकात काम केलं. मला ठाऊक न्हवतं, पर शब्द माझा व्हता.”

आपानं विचारलं, “आन् ते काय म्हणाले?”

“म्हाताऱ्यानं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, नाचली का? मी म्हटलं, न्हाई, राजा व्हती. तो म्हणाला, राजा? मग त्यानं बायकोला आतनं हाक मारली आन् विचारलं. ती म्हणाली, राजा तुमची पोर व्हती व्हय? मला वाटलं, रेलवेवाल्यांची कुणीतरी. पागोटं कसं बेस बांधलंय, येवढंच मी भनीला म्हणाले.”

आपा ओट्याच्या कडेशी टेकली.

“तिनं वळखलंच न्हवतं,” अब्बा म्हणाले. “मी सांगितलं नसतं तर त्यांना कळलंच नसतं. मी भ्यालो. मला वाटलं, त्यांना कळलंय आन् आता निरोप येतोय. चार दिवस मी रस्त्याकडं बघत बसलोय.”

“सोयरीक?” आपानं विचारलं.

“हाय. पर त्यांनी येक अट घातली. परत स्टेजवर चढायचं न्हाई. शाळा करू द्या, चित्रं काढू द्या, पर स्टेज न्हाई. मी हो म्हटलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. “मी काय म्हणणार व्हतो?”

मला विचारायचं होतं ते निराळंच होतं. “तुम्ही मला कवा ओळखलं?”

“दोरा दिला तवा. परकी पोर आसती तर इचारलं आसतं, ह्यो कशाला म्हणून. तू तोंड उघडून दातात धरलास.” ते थांबले. “हाताला कापरं भरलं माझ्या. टोचलं का तुला?”

“नाही,” मी म्हणाले.

आपाचं लग्न झालं. निरोप घेताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “माझ्यापायी तुझं गेलं.” मी तिला म्हटलं की माझं काही गेलं नाही, मला तशीही फार भीती वाटायची. ते अर्धंच खरं होतं. भीती वाटायची आणि गेलंही होतं.

पुढच्या वर्षी बाईंनी नवं नाटक बसवलं. राजा झाली माझी मैत्रीण, आणि अंगरखा तोच, बाही पुन्हा लांब सोडलेली. मागचा पडदा रंगवायचं काम माझ्याकडे होतं. किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागं आभाळ. रंग वाळायला ऊन मिळावं म्हणून मी तो आदल्या दिवशीच पुरा केला. प्रयोगाच्या दुपारी मी आत होते, पडद्याची दोरी कुठं अडकली तर बघायला. मैत्रीण पुढं गेली, आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधी जी एक शांतता होते ती झाली. बोलायचं मला नव्हतं, तरी मला तिथं उभं राहवेना. तिचं वाक्य सुरू व्हायच्या आत मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि हौदावर जाऊन ब्रश धूत बसले.